डुक्कर पाळायचं म्हणता?

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वाशिम जिल्ह्यातली शिवारं एकाएकी उघडी पडतात. उभी राहते ती फक्त तूर. पावसाळाभर सोयाबीनमध्ये बिनघोर फिरलेली रानडुकरं मग तुरीच्या तासांत, नाल्याकाठच्या झुडपांत, पडीक जमिनीतल्या उंच गवतात सरकतात. डुकरीण पिल्लं देण्याआधी गवत-काड्या ओढून ढीग रचते आणि त्याच्या आत शिरून विते. असा ढीग एखाद्या धुऱ्यावर मजुरांच्या पायाखाली येतो. डुकरीण फुरफुरत पळून जाते आणि मागे चार-पाच पिल्लं उरतात. तपकिरी अंग, त्यावर मानेपासून शेपटीकडे गेलेले फिकट पट्टे. हातात उचललं की जिवाच्या आकांतानं ओरडतात आणि छातीशी धरलं की गप्प होतात. ज्या शेतकऱ्यानं आदल्याच महिन्यात डुकरांच्या नावानं बोटं मोडलेली असतात, त्याच्याच घरची पोट्टी म्हणतात, ‘एक घरी नेऊ ना बापा.’

डुक्कर घरी येण्याची ही झाली एक वाट. दुसरी वाट मोबाइलमधून येते. गुलाबी, तळहातावर मावणारं, गळ्यात रिबीन बांधलेलं पिल्लू आणि खाली ‘मिनी पिग’ असं लिहिलेलं. पेप्पा पिगच्या गोष्टी पाहत मोठी झालेली मुलं वाशिममध्येही आहेत, कारंज्यातही आहेत. त्यांना डुकराची किळस नाही. त्यांच्या आजीला आहे. तिसरी वाट सगळ्यांत जवळची आणि म्हणूनच कुणाच्या डोक्यात न येणारी. गावाच्या कडेला, नाल्यापलीकडे, डुकरं पाळणाऱ्यांची वस्ती असते. तिथं काळी, राठ केसांची, सोंड लांबलेली डुकरं पिढ्यान् पिढ्या पाळली जातात. मिनी पिगबद्दल चौकशी करणाऱ्याला त्या वस्तीत जाऊन विचारावं असं सुचत नाही. माझा हा लेख बराचसा त्या न सुचण्याबद्दल आहे.

*

आधी रानातलं पिल्लू, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. ते पाळता येत नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या ३९व्या कलमानुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. तो कुठल्याही कारणानं हाती आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याकडे कळवणं बंधनकारक आहे. तसं न करता घरी ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पिल्लू अनाथ होतं, आम्ही दूध पाजून जगवलं, हा बचाव ऐकायला गोड वाटतो. कायद्यात त्याला जागा नाही.

शिवाय ते बहुतेक वेळा अनाथ नसतं. माणसांची चाहूल गेली, मजूर दूर गेले, की डुकरीण परत येते. म्हणून सापडल्या जागीच ढीग पुन्हा झाकून बाजूला होणं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणं, एवढंच करायचं. डुकरीण जवळपास असताना पिल्लू उचलणाऱ्याची मांडी फाटलेली अनेकांनी पाहिली आहे. मुसंडी हा शब्द आपण निवडणुकीच्या बातम्यांत फार सैल वापरतो. खरी मुसंडी खालून वर येते आणि सुळे मांडीच्या आतल्या बाजूला लागतात, तिथं मोठी रक्तवाहिनी असते.

एवढं सांगूनही शेतकरी हसतो, आणि त्याच्या हसण्याला कारण आहे. मालमत्ता सरकारची, चरते माझ्या वावरात. जूनमध्ये पेरलेलं बियाणं तासाच्या ओळीनं उकरून खायचं, मक्याची कणसं दाणा भरताना पाडायची, हरभऱ्यात, भुईमुगात रात्रीतून नांगर फिरवल्यासारखी जमीन करायची. भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, सातबारा, फोटो, आणि मग वाट पाहणं. म्हणून जागल आली. मचाण आलं. बाजारातून गठ्ठ्यानं आणलेल्या जुन्या साड्या शेताभोवती बांधल्या गेल्या. कारंजा-मानोऱ्याकडच्या रस्त्यानं जाताना निळ्या-पिवळ्या-गुलाबी साड्यांचं ते कुंपण मैलभर दिसतं. मग झटका मशीन आलं, सौर पॅनलवर चालणारं, जीव न घेणारं. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यातले काही जण थेट वीज सोडतात आणि त्या तारेत डुकराऐवजी शेजारचा माणूस सापडल्याच्या बातम्या विदर्भात दरवर्षी येतात. परवानगीनं शिकार करता येते, पण रात्री दोन वाजता कळप शेतात असताना परवानगीचा कागद कुठून आणणार?

या सगळ्या वैरात पट्टेरी पिल्लू घरी आणावंसं वाटतं, हे मला माणसाच्या बाजूचं लक्षण वाटतं. तरीही आणू नये. पट्टे तीन-चार महिन्यांत जातात, सुळे वर्षाच्या आसपास दिसू लागतात, आणि मग त्याला सोडायचं कुठं? माणसाची भीती गेलेलं रानडुक्कर कुठल्याही गावाला धोकाच.

एक गुंता मात्र लक्षात ठेवावा. रानडुक्कर आणि गावडुक्कर ही एकाच जातीची जनावरं आहेत. रानातला नर रात्री वस्तीत येतो, गावातली डुकरीण त्याच्याकडून गाभण राहते, आणि मग गावातल्या खोपीत पट्टेरी पिल्लं जन्मतात. हा प्रकार नवा नाही. पिल्लू कुणाकडूनही घेताना अंगावर पट्टे दिसले, तर आधी वन विभागाला दाखवावं आणि मगच पुढचं बोलावं.

*

आता वस्ती. विदर्भात डुकरं पाळणं हे मुख्यतः कैकाडी, वडार, मांग-गारुडी या समाजांच्या वाट्याला आलं. ‘वाट्याला आलं’ असंच म्हणायला हवं. कैकाड्यांचा मूळ धंदा टोपल्यांचा. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, शिंदीची पानं, नाल्याकाठच्या लवचिक फोका, यातून टोपल्या, डाल्या, कणग्या विणायच्या आणि गावोगाव विकायच्या. वऱ्हाडात कपाशी होती तोवर पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. प्लास्टिकचं घमेलं आलं आणि टोपली गेली. डुक्कर राहिलं. त्याला जमीन लागत नाही, चारा विकत घ्यावा लागत नाही, आणि ११४ दिवसांत, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे नि तीन दिवसांत, एक डुकरीण आठ-दहा पिल्लं देते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला परवडणारं हेच एक जनावर.

इंग्रज सरकारनं १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली देशभरातल्या अनेक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. कैकाडीही त्या यादीत आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारतानं तो शिक्का पुसला. कागदाचा एक विचित्र खेळ अजून शिल्लक आहे. अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी आहेत, पण अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ अशा विदर्भातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरतेच. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून निघाला, म्हणून इथला कैकाडी अनुसूचित जातीचा. त्याचा मेहुणा हद्द ओलांडून हिंगोलीत राहत असेल तर तो विमुक्त जातीचा. डुकरं दोघांचीही काळीच.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’नं (२०१३) हे जगणं पडद्यावर आणलं. शाळेत जाणाऱ्या मुलाला घरच्यांसोबत गावातली डुकरं धरावी लागतात, वर्गातली मुलं पाहत असतात, आणि नेमकं डुक्कर टप्प्यात आलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या. पण त्या सिनेमातल्या बापाला डुक्कर कसं धरतात हे येत होतं, कुठं दबा धरायचा, कुठून हाकलायचं हे ठाऊक होतं, याच्याकडे कुणाचं फार लक्ष गेलं नाही. आपल्याला त्यात फक्त अपमान दिसला. अपमान होताच, त्यात शंका नाही. पण विद्याही होती.

ही विद्या कसली, ते थोडं सांगतो. दिवसभर मोकळी फिरणारी डुकरं संध्याकाळी आपापल्या मालकाच्या हाकेला परत येतात, शेजारच्याच्या नाही. कुणाचं कुठलं हे कानाच्या कापांवरून ओळखतात. प्रत्येक घराचा काप ठरलेला. व्याल्यावर कोणती डुकरीण पिल्लं अंगाखाली चिरडेल आणि कोणती नाही, हे तिच्या आदल्या वेतावरून सांगता येतं. अशक्त पिल्लाला पुढच्या आचळाला लावायचं, कारण पुढच्या आचळांना दूध जास्त. आणि हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायचं, कारण त्यानंतर प्रत्येक पिल्लू आपलं आचळ पक्कं धरतं आणि दुसऱ्याला येऊ देत नाही. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. वस्तीतल्या बाईला ते सासूकडून कळलेलं असतं.

पण आता वस्तीतल्या पोरांना हे नको आहे, आणि का असावं? शाळेत डुकराच्याच नावानं चिडवलं जातं. घर भाड्यानं मिळत नाही. शहरात मोकाट डुकरं वाढली की नगर परिषदेत ओरड होते, बाहेरगावची पकडणारी टोळी बोलावली जाते, ट्रक भरून डुकरं जातात आणि मालकाला कुणी विचारत नाही. २०१४नंतर गावोगाव संडास झाले, ते चांगलंच झालं. पण ज्या घाणीवर ही डुकरं जगत होती ती कमी झाली आणि ती बाजाराच्या, हॉटेलांच्या कचऱ्याकडे वळली. म्हणून ती आता आपल्याला जास्त दिसतात. देशभरात डुकरं प्रत्यक्षात घटताहेत. २०१२च्या पशुगणनेत ती १ कोटी ३ लाखांच्या घरात होती, २०१९च्या गणनेत ९०.६ लाख भरली, म्हणजे १२ टक्के कमी. त्यातली २१ लाख एकट्या आसामात. आसामात, मेघालयात, नागालँडमध्ये डुक्कर असणं हे घर सुस्थितीत असल्याची खूण मानतात. आपल्याकडे ज्यांच्यावर ते लादलं गेलं, ते सोडू पाहताहेत. आणि नेमकं याच वेळी शहरातल्या सुखवस्तू घराला डुक्कर गोंडस वाटू लागलंय.

देव म्हणून मात्र ते आपल्याला कधीच जड गेलं नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या शाखेच्या मुलखात, रामटेकच्या गडावर, वाकाटकांच्या काळातला दगडी वराह उभा आहे. माणसाच्या धडाचा नव्हे, चार पायांचा, सरळ डुक्करच. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघण्याची भाविकांची चाल आहे.

*

मिनी पिगचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात फसवणूक जास्त आणि डुक्कर कमी आहे. मिनी म्हणून विकलं जाणारं पिल्लू हे बऱ्याचदा नुसतं पिल्लूच असतं. कुठल्याही जातीचं डुक्कर जन्मताना किलो-सव्वा किलोचं असतं आणि दोन महिन्यांपर्यंत कडेवर मावतं. आपल्या शासकीय फार्मवर ज्याचा प्रसार झाला तो लार्ज व्हाइट यॉर्कशायर गुलाबी असतो, देखणा असतो, आणि आठ महिन्यांत ८०-९० किलोचा होतो. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास जातो. खरोखर लहान जाती जगात आहेत; व्हिएतनामचं लोंबत्या पोटाचं डुक्कर १९८०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत गेलं आणि फॅशन झालं. पण तेही वाढून ५०-६० किलोचं सहज होतं, नीट खाऊ घातलं तर त्याहून जास्त. हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनी याच्याकडचा मॅक्स १८ वर्षं जगला आणि २००६ साली मेला तेव्हा सव्वाशे किलोंच्या वर होता. कॅनडातल्या स्टीव्ह जेन्किन्स आणि डेरेक वॉल्टर यांनी २०१२ मध्ये मिनी पिग म्हणून घरी आणलेली एस्थर वाढता वाढता जवळजवळ ३०० किलोंची झाली. त्यांनी घर विकून शेत घेतलं, तिच्यासोबत इतर जनावरांना आसरा दिला, आणि एस्थर जगभर प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये ती गेली. गोष्ट सुंदर आहे. पण शेत घेण्याची ऐपत आणि तयारी नसलेल्या हजारो लोकांनी आपापली डुकरं कुठं सोडली, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

डुकराच्या वयाचा हिशेबही आधीच करावा. १५ ते २० वर्षं. दहा वर्षांच्या मुलीच्या हट्टाखातर पिल्लू आणलं, तर ती शिकायला पुण्याला गेल्यावर आणि पुढे लग्न होऊन गेल्यावरही डुक्कर आईबापांच्याच दारात असणार.

*

समजा, एवढं ऐकूनही पाळायचंच आहे. तर आपल्या जिल्ह्याच्या हिशेबानं बोलू.

पहिला प्रश्न उन्हाळ्याचा. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. चिखलात लोळणं ही त्याची घाण सवय म्हणून हिणवली जाते, पण तोच त्याचा कूलर. वाशिमचा मे महिना ४२-४३ अंशांचा. त्यात गोऱ्या कातडीचं डुक्कर उघड्यावर ठेवलं तर अंग भाजून सोलतं आणि सावलीत पण कोरड्यावर ठेवलं तर धापा टाकून मरतं. सावली हवी, लोळायला ओल हवी, प्यायला दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी हवं. एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वाशिम शहरात टंचाईच्या वर्षी नळ किती दिवसांनी येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आपल्या टाकीकडे एकदा पाहून घ्यावं. काळं गावठी डुक्कर या उन्हात शतकानुशतकं तगलं आहे. त्याला निदान कातडं भाजण्याचा त्रास कमी.

दुसरा प्रश्न खाण्याचा, आणि इथं आपल्या शेतकऱ्यांची हमखास चूक होऊ शकते. गाईम्हशींना घालतो ती सरकी ढेप डुकराला घालू नये. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणारी जनावरं ते पचवतात, डुकराच्या हृदयाला आणि यकृताला ते मारतं. सोयाबीन तर घरचंच, पण कच्चं सोयाबीनही चालत नाही. त्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही, त्यामुळे डुक्कर खातं भरपूर आणि वाळत जातं. भाजून किंवा उकडून घातलं, किंवा तेल काढलेली ढेप दिली, तर उत्तम. मका, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, हिरवा लसूणघास हे सगळं चालतं. घरातलं उरलंसुरलं घालण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ डुकराला विष ठरू शकतं. त्यातही पाणी कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होऊन ते गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं आणि झटके येऊन मरतं. दिवाळीच्या दिवसांसाठी हे मुद्दाम सांगतोय, कारण उरलेला चिवडा कुणाला तरी घालायचाच असतो.

तिसरा प्रश्न त्याच्या नाकाचा. डुकराचं सगळं आयुष्य उकरण्यात असतं. त्याला उकरायला जमीन दिली नाही तर ते अंगणातली फरशी उचकटतं, तुळशीवृंदावनाच्या पायाशी खड्डा करतं, सोफ्याचं पोट फाडतं. हे खोडसाळपणानं होत नाही. रिकामं बसणं त्याला सोसत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या कँडेस क्रोनी आणि त्यांच्या सहकारी सारा बॉयसन यांनी चार डुकरांना नाकानं जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका भिंतीला लावायला शिकवलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोघांची नावं हॅम्लेट आणि ऑम्लेट होती. खाऊ देणारं यंत्र बिघडलं तरी ती शाबासकीच्या शब्दावर खेळत राहिली. एवढं डोकं असलेल्या जनावराला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवणं हा छळ आहे, मग खाऊपिऊ कितीही घाला. म्हणून एक डुक्कर पाळूच नये, दोन पाळावीत. दोन पाळण्याची जागा नसेल तर एकही नको.

नर असेल तर लहानपणीच खच्ची करून घ्यावा लागतो. नाहीतर वयात आल्यावर वास, सुळे आणि मिजास तिन्ही सांभाळावी लागतात. मादी दर २१ दिवसांनी माजावर येते आणि त्या दोन-तीन दिवसांत घरातल्यांनाही ओळखेनाशी होते. नखं वाढतात, ती कापायला बहुधा भूल द्यावी लागते. पिल्लू आणण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारावं की हे सगळं तिथं होईल का. नाही म्हणाले, तर जवळचं मोठं ठिकाण म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. शंभर किलोंचं घाबरलेलं डुक्कर वाशिमहून तिथवर कशात न्यायचं, याचं उत्तर तयार असलेलं बरं.

*

आता रोग. शेजारी पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि त्यांना विचारू द्यावा.

डुकराच्या मासातून मेंदूत अळी जाते, असं लोक म्हणतात. ते उलटं आहे. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेत असतात. उघड्यावरची ती विष्ठा डुक्कर खातं, त्याच्या मासात गाठी होतात, ते मास कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र माणसाच्या विष्ठेतली अंडी थेट पोटात गेल्यानं, न धुतलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातातून. जन्मभर मासाला न शिवलेल्या माणसालाही फिट येऊन तपासणीत ही गाठ निघते ती त्यामुळे. या सगळ्या फेऱ्यात डुक्कर मधल्या मध्ये आहे. मका आणि चुनीवर वाढलेलं, उघड्यावर न फिरणारं डुक्कर या फेऱ्यातच येत नाही. २००९च्या स्वाइन फ्लूचंही तसंच. देशातला पहिला बळी पुण्यात गेला, गावोगाव डुकरांकडे बोटं दाखवली गेली, आणि साथ पसरत होती ती माणसाच्या शिंकेतून.

जपानी मेंदूज्वराची गोष्ट वेगळी, तिथं डुकराचा दोष खरा आहे. डास चावला की विषाणू डुकराच्या रक्तात भराभर वाढतो आणि पुढचा डास तो माणसाकडे नेतो. हा डास भातखाचरांतला, म्हणून पूर्व विदर्भाला भीती जास्त आणि आपल्या सोयाबीन-तुरीच्या मुलखाला कमी. तरी खोपीभोवती पाणी साचू देऊ नये.

सगळ्यांत अवघड आहे आफ्रिकन स्वाइन फीव्हर. तो माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर बहुतेक वेळा वाचत नाही आणि त्यावर उपचार नाही. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात तो पहिल्यांदा सापडला आणि तिथून पसरत गेला. केंद्राच्या आराखड्याप्रमाणे रोग सापडला की एक किलोमीटरच्या परिघातली सगळी डुकरं मारून पुरायची आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवायची. मालकाला भरपाई मिळते. ती डुकरं कशासाठी पाळली होती, त्यांना नावं होती का, ती घरात टीव्हीसमोर झोपत होती का, हे तिथं विचारत नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत अशी वेळ येत नाही. डुक्कर पाळणाऱ्यानं ती येऊ शकते हे धरून चालावं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर, कायद्याइतकाच तो मोहल्ल्याचा प्रश्न आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळायला मनाई आहे. आपल्याकडे नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन लेखीच विचारावं आणि लेखीच उत्तर घ्यावं. पण कागद हातात असला तरी मंगरूळपीर काय, कारंजा काय, शिरपूर जैन काय, आपल्या गावांत भिंतीला भिंत लावून ज्यांची घरं आहेत त्यांत कुणाला डुक्कर धर्मानं वर्ज्य आहे, कुणाला जीवहत्येच्या शक्यतेनंही यातना होतात. त्यांना न विचारता वाड्यात डुक्कर आणलं, तर ते पाळीव राहत नाही, खोडी ठरते. आणि अशा खोडीची किंमत शेवटी कुठल्या वस्तीनं मोजली आहे, ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे गावठाणात, दाटीत, फ्लॅटमध्ये डुक्कर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतात घर असेल, विहिरीला उन्हाळाभर पाणी असेल, अर्धा एकर उकरू द्यायची तयारी असेल आणि घरात कायम कुणीतरी असेल, तर पाळावं. एवढ्या अटींत बसणारी घरं जिल्ह्यात फार निघणार नाहीत.

जी निघतील त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून वस्तीत जावं. दोन महिन्यांची, दूध तुटलेली, एकाच वेतातली दोन पिल्लं मागावीत. भाव ते सांगतील तो द्यावा. तिथं उभ्याउभ्या व्यवहार उरकू नका, बसा, चहा पुढे आला तर प्या; कारण विचारायचं पुष्कळ आहे. आई कोणती, ती अंगावर धावते का? आदल्या वेतातली किती जगली? जंताचं औषध दिलं का, कधी? स्वाइन फीव्हरची (आफ्रिकन नव्हे, साध्या) लस टोचली का? काय खातात, कशाला तोंड लावत नाहीत? पावसात कुठं बसवता? आणि संध्याकाळी परत यावं म्हणून हाक कशी मारायची, ते तेवढं एकदा करून दाखवा म्हणावं.